दिल्लीची बारा छायाचित्रे

स्मरणिकेसाठी लेख मागावयास कार्यकारिणीतील मंडळी दुकानावर आली, तेव्हा तुरीची तेजीमंदी किंवा बाजार समितीचे नियम यांपैकी एखाद्या विषयावर मी चार शब्द लिहावेत, अशी त्यांची अपेक्षा असणार हे उघड होते. महाराजगंजात चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्याची घाऊक आडत करणाऱ्या, मॅट्रिकपलीकडे शाळेचे तोंड न पाहिलेल्या मनुष्याकडून याहून निराळे काय मागावे? परंतु भावांविषयी आज लिहिलेले स्मरणिका छापून येईतो शिळे होते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. म्हणून मी विषय बदलून घेतला आहे. आपल्यापैकी पुष्कळजण धंद्यानिमित्त दिल्लीस जातात, आणि गेलेला मनुष्य तेथील इमारतींचे फोटो काढल्यावाचून परतत नाही. त्या फोटोंविषयी मला काही सांगावयाचे आहे.

प्रथम एक कबुली देतो. १५९१ साली उभारलेला चारमिनार माझ्या दुकानापासून फारसा लांब नाही. त्याच्याजवळून मी हजारो वेळा गेलो असेन. कधी रिक्षाने, कधी पायी, कधी वसुलीच्या चिंतेत. तरीही त्याचा एकही फोटो माझ्या संग्रही नाही. घरच्या देवळाकडे पाठ आणि परगावच्या यात्रेची हौस, अशी आपली रीत आहे. दिल्लीचे मात्र बारा फोटो मजजवळ आहेत.

ते १९८५ च्या डिसेंबरातील. दिल्लीच्या नया बाजारात, जेथे धान्य-कडधान्याचा मोठा घाऊक व्यापार चालतो, आमच्या तूरडाळीचे काही पैसे अडकले होते. पत्रांना उत्तर येईना, तेव्हा वडील म्हणाले, “तू स्वतः जा. चार दिवस लागतील. सूनबाईंनाही बरोबर ने. पुन्हा केव्हा जाणे होईल कोण जाणे.” आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झाले होते. पत्नी परभणीकडची, हैदराबादपलीकडचे जग तिने पाहिले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मीही पाहिले नव्हते. लग्नात सासऱ्यांनी त्यांचा वापरातला आग्फा क्लिक-३ कॅमेरा मला दिला होता. बडोद्यात तयार होणारा हा साधा कॅमेरा त्या काळी मध्यमवर्गीय घरांत पुष्कळ दिसे. ऊन आणि ढग अशा दोन खुणा, पाठीमागे लाल काचेची खिडकी, आणि तीतून दिसणारा फिल्मचा आकडा. एका फिल्मीवर बारा चित्रे. तेरावे नाही.

फिल्म घ्यावयास मी आबिद रोडवरील एका फोटोच्या दुकानात गेलो. दुकानाचे वृद्ध मालक मोठे अनुभवी होते. त्यांनी मला दोन नियम सांगितले: इमारत कळसापासून पायथ्यापर्यंत संपूर्ण आली पाहिजे, आणि पायथ्याशी एक मनुष्य उभा करावा, म्हणजे पाहणाऱ्यास उंचीचे माप कळते. “राजा दीनदयाळ असेच करीत,” ते म्हणाले.

दीनदयाळांचे नाव आपल्या समाजात अधिक ठाऊक असावयास हवे. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात जन्मलेला हा गृहस्थ रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीस लागला, आणि तेथेच त्याला छायाचित्रणाचा छंद जडला. जवाहिऱ्याचा मुलगा परखीचा डोळा घेऊनच जन्मास येत असावा. मध्य हिंदुस्थानातील किल्ले, देवळे, स्तूप त्यांनी काचपट्ट्यांवर उतरविले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. सिकंदराबादेस व मुंबईस त्यांचे स्टुडिओ होते. हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी निराळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला होता. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला, आणि १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. आपल्या निजामशाहीचा केवढा तरी भाग असा दिल्लीच्या कपाटांत बसलेला आहे! त्यांची इमारतींची चित्रे पाहिली म्हणजे ध्यानात येते, की अनेक ठिकाणी कमानीखाली किंवा पायरीवर एखादा मनुष्य निश्चल उभा किंवा बसलेला असतो. त्याचे नाव कोणास ठाऊक नसते. तो तेथे माप म्हणून असतो.

मी हे दोन्ही नियम पदरी बांधून घेतले. बारा चित्रे म्हणजे बाराच. आपल्या धंद्यात तागडीतील दाणा सांडू नये, तशी एकही फुकट जाऊ द्यावयाची नाही, असे ठरविले.

पहिलेच फुकट गेले. लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा चांदणी चौकाकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभा आहे. मी उत्साहाने सकाळी नऊ वाजता समोर उभा राहिलो. सूर्य दरवाजामागे. हैदराबादेस येऊन फिल्म धुतली तेव्हा दरवाजा कोळशासारखा काळा आणि आकाश पांढरे. म्हणून वाचकांस सांगतो: लाल किल्ल्याचे तोंड दुपारनंतर टिपावे. हुमायूनच्या मकबऱ्यातही आपण पश्चिमेच्या दरवाजाने आत शिरतो, तेव्हा तेथेही तिसरा प्रहर चांगला. आणि सोमवारी लाल किल्ला बंद असतो, हे विसरू नये.

किल्ल्याच्या आत मात्र असे काही पाहिले, की जे माझ्या कॅमेऱ्यात येणेच शक्य नव्हते. दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांमध्ये उभे राहून मी वर पाहिले. आज तेथे रंगविलेले लाकडी छत आहे. शहाजहानने १६४८ साली किल्ला पुरा केला तेव्हा ते छत चांदीने मढविलेले होते. मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्ये नेले, हे आपण शाळेत शिकतो. चांदीचे छत उतरविले ते आपल्या मराठ्यांनी, हे शाळेत तितके ठासून शिकवीत नाहीत. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेचा पगार थकलेला, खजिना रिकामा आणि धान्य महाग. भाऊंनी छताची चांदी काढून आटविली आणि तिचे नाणे पाडले. सुमारे नऊ लाख रुपये निघाले असे इतिहासकार सांगतात. एवढ्या मोठ्या फौजेस ते किती दिवस पुरणार?

इतिहासाचे पंडित या गोष्टीचा विचार नीतीच्या अंगाने करतात. मी धान्याचा व्यापारी. मला तेथे उभे असता दुसरेच सुचले. ती चांदी म्हणजे दाण्यांची किंमत होती. दिल्लीनंतर भाऊ उत्तरेस कुंजपुऱ्यावर गेले आणि ऑक्टोबरात ते घेतले, कारण तेथे अब्दालीच्या धान्याचा साठा होता. त्यानंतर अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडविली. दुआबातून रसद पुरविण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. मग छावणीत उपासमार सुरू झाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे लढावयास निघाले ते उपाशी पोटी निघाले. तलवारीचे पाणी, घोड्याची चाल, तोफांचा मारा, सर्व खरे. पण पुरवठा तुटलेल्या पेढीचे दिवाळे निघण्यास वेळ लागत नाही. हे मी पत्नीला तेथेच सांगू लागलो. ती म्हणाली, “अहो, मग चांदी विकून दाणे घ्यायला दाणे शिल्लक तरी होते का?” याहून नेमका प्रश्न मी पानिपतावरील कोणत्याही व्याख्यानात ऐकलेला नाही.

किल्ल्यासमोरील लाल मंदिराचे दर्शन घेतले आणि त्याच आवारातील पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय पाहिले. १९५७ पासून ते तेथे आहे. पंख मोडलेली कबुतरे, जखमी पोपट यांना आत ठेवून घेतात. मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, परंतु त्यांना मुक्कामास ठेवीत नाहीत. दाणा स्वच्छ होता, हे मी सवयीने पाहून घेतले.

नव्या दिल्लीचे चार फोटो काढले. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा १९११ मध्ये झाली, आणि नव्या नगराचे उद्घाटन १९३१ मध्ये. राष्ट्रपती भवनाचा एक चमत्कार फोटो काढणारासच नीट कळतो. लांब इंडिया गेटपाशी उभे राहिले तर त्याचा घुमट स्पष्ट दिसतो. विजय चौकात येऊन चढण चढू लागावे, तो घुमट खाली खाली बुडत जातो. दोन वास्तुशिल्पी, लट्यन्स आणि बेकर, यांचे या उतारावरून कायमचे वितुष्ट आले. आपली इमारत जवळ आलेल्यालाच दिसू नये, याचे लट्यन्ससाहेबांना दुःख होते.

त्याच लट्यन्सने निजाम मीर उस्मान अली खान यांच्यासाठी बांधलेले हैदराबाद हाऊस इंडिया गेटजवळच आहे. १९२८ मध्ये ते पुरे झाले, नकाशा फुलपाखरासारखा. आपल्या पैशाने उभी राहिलेली वास्तू म्हणून आत जावे असे वाटले, पण ती परदेशच्या पाहुण्यांसाठी राखलेली. कुंपणाबाहेरून एक फोटो घेतला. कारण मनात असे आले, की या घुमटाच्या दगडांत आमच्या मराठवाड्याच्या ज्वारीचा सारादेखील असेलच; १९४८ पर्यंत आम्हीही त्याच सरकारचे रयत होतो. हैदराबादकरास दिल्लीत परके वाटू नये म्हणून ही इमारत उपयोगी पडते, निदान बाहेरून.

इंडिया गेटच्या मागे लट्यन्सचीच एक दगडी छत्री आहे. तिच्यात पूर्वी बादशहा पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ मध्ये हलविला. माझ्या १९८५ च्या चित्रात ती छत्री रिकामी आहे. पत्नीने विचारले, “रिकाम्या छत्रीचा फोटो कशाला?” मी म्हटले, छत्री संपूर्ण येते आहे.

संपूर्ण! हा शब्द मी त्या चार दिवसांत किती वेळा उच्चारला असेन! इंडिया गेट बेचाळीस मीटर उंच; ते चौकटीत बसावे म्हणून मी मागे मागे सरत गेलो आणि पत्नीला कमानीखाली उभे केले. जामा मशिदीच्या पायऱ्यांवर, जंतरमंतरच्या मोठ्या यंत्राच्या पायथ्याशी, हुमायूनच्या चौथऱ्यावर, सर्वत्र तेच. “अगं, हलू नकोस,” एवढेच मी लांबून ओरडत असे. ती हलत नसे. धान्याच्या राशीशेजारी पायली ठेवावी, तशी मी तिला ठेवीत गेलो.

शेवटचे तीन फोटो कुतुबाच्या आवारात निघाले. मिनाराची उंची साडेबहात्तर मीटर. १९८१ च्या डिसेंबरात जिन्यात चेंगराचेंगरी होऊन पंचेचाळीस माणसे दगावली, तेव्हापासून वर जाणे बंदच आहे. शेजारच्या मशिदीचे खांब पाहावेत. सत्तावीस मंदिरांचे सामान येथे वापरल्याचे तेथील फारसी लेखातच लिहिले आहे, आणि घंटा, साखळ्या, क्वचित झिजलेल्या मूर्ती अजून ओळखू येतात. मशिदीच्या चौकात चंद्र नावाच्या राजाचा लोहस्तंभ आहे. हा राजा गुप्तवंशातील दुसरा चंद्रगुप्त असे मानतात. सात मीटरांहून थोडा उंच, वजन सहा टनांच्या वर. सोळाशे वर्षांच्या पावसात तो गंजलेला नाही. त्या काळी त्याच्याभोवती कुंपण नव्हते. स्तंभाला पाठ लावून, हात मागे नेऊन जो बोटे जुळवील त्याची इच्छा पुरी होते, अशी समजूत असल्याने लोकांची रांग लागे. पत्नीही उभी राहिली. चार बोटांचे अंतर राहिले. ती पुन्हा खटपट करू लागली, तेव्हा रांगेतील एक सरदारजी हसून मला म्हणाले, “आप भी खड़े हो जाइए, फोटो मैं खींच देता हूँ।”

मी संकोचाने कॅमेरा दिला. सांगावयाचे राहून गेले, की खांब संपूर्ण आला पाहिजे. ते चांगले जवळ आले आणि त्यांनी कळ दाबली. लाल खिडकीत बाराचा आकडा होता. फिल्म संपली.

हैदराबादेस आल्यावर दुकानदाराने फोटो हाती दिले. अकरा चित्रांत (काळा लाल किल्ला धरून) इमारती कळसापासून पायथ्यापर्यंत शाबूत होत्या. बाराव्यात लोहस्तंभाचे शिरच उडाले होते. खाली आम्ही दोघे: मी ताठ, आणि ती हात मागे नेलेली, मान एकीकडे कललेली, मोठ्याने हसत असलेली. मी म्हणालो, “हा वाया गेला.” अकरा फोटो आल्बममध्ये चिकटविले. बारावा ठेवण्याचे कारण दिसेना. पैसे मात्र नया बाजारातून निम्मे वसूल झाले. उरलेले पुढल्या दिवाळीस.

२०२१ साली पत्नीचे निधन झाले. काही महिन्यांनी मी आल्बम उघडला. दिल्लीच्या पानांवर तिला शोधू लागलो. कुतुबाच्या पायथ्याशी ती ज्वारीच्या दाण्याएवढी आहे. इंडिया गेटच्या कमानीखाली त्याहून लहान. हुमायूनच्या चौथऱ्यावर पदराचा रंग फिका होता एवढेच कळते. भिंग आणले, भिंगातून कागदाचे कण मोठे दिसले, चेहरा दिसला नाही. इमारती तर सर्व होत्या. त्या आजही दिल्लीत जेथल्या तेथे आहेत आणि कोणत्याही पुस्तकात माझ्यापेक्षा चांगल्या छापलेल्या सापडतात.

बाराव्या फोटोविषयी मी सुनेस विचारले. ती आत गेली आणि वाणसामानाची वही घेऊन आली. “आई तो नेहमी वहीत खूण म्हणून ठेवायच्या, बाबा. वही संपली की पुढच्या वहीत,” ती म्हणाली. छत्तीस वर्षे तो फोटो एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला होता. तूप, गूळ, पोहे, साबण यांच्या हिशेबांत राहून त्याचा एक कोपरा हळदीने पिवळा झाला आहे. चेहरा स्वच्छ आहे.

२०२३ च्या डिसेंबरात तेरा वर्षांच्या नातवाला घेऊन मी पुन्हा दिल्लीस गेलो. ज्या गाडीने पूर्वी गेलो होतो, तिचे आंध्र प्रदेश एक्स्प्रेस हे नाव जाऊन तेलंगणा एक्स्प्रेस झाले आहे. राजपथास २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात. त्याच वर्षी अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन केली. जुने संसद भवन संविधान सदन झाले आणि शेजारी नवे उभे राहिले. माझ्या फोटोतली रिकामी छत्रीही आता रिकामी नाही. २०२२ च्या सप्टेंबरापासून तिच्यात नेताजी सुभाषचंद्रांचा अठ्ठावीस फूट उंच पुतळा आहे. त्याचा ग्रॅनाइट आपल्या खम्ममकडचा. २८० टनांची एकच शिळा १४० चाकांच्या वाहनावरून १६६५ किलोमीटर नेली, आणि घडवून झालेला पुतळा भरला ६५ टन. म्हणजे २८०० क्विंटल माल पाठविला आणि ६५० क्विंटल उतरला! शेकडा शहात्तरांहून अधिक घट आपल्या बाजारात कोणी मान्य करणार नाही. पण येथे जे गेले ते गेल्यामुळेच नेताजी दिसू लागले, हे नातवाला समजावून सांगताना मला थोडा वेळ लागला.

त्याने मोबाइलवर दोन दिवसांत सातशेहून अधिक फोटो काढले. मी एकदाही हटकले नाही. हल्ली फिल्म मोजावी लागत नाही, तेव्हा काटकसर शिकवून काय उपयोग? एवढे मात्र पाहिले, की तो कळ दाबतो आणि लगेच हातातील काचेकडे पाहतो. इमारतीकडे नंतर, वेळ उरला तर. बारा चित्रांच्या धाकाने मी प्रत्येक इमारत निदान पंधरा मिनिटे पाहिली होती. या बाबतीत कोण शहाणा, याचा निवाडा मी करू इच्छित नाही. मी तर इमारत पाहिली आणि शेजारचे माणूस पाहावयाचे राहिले.

कुतुबाच्या आवारात लोहस्तंभाभोवती १९९७ मध्ये कुंपण घातले आहे. आता कोणास बोटे जुळविता येत नाहीत. खिशातून तो फोटो काढून मी जागा जुळवून पाहिली. मागची कमान तीच आहे. नातवाने फोटो पाहिला, मग म्हणाला, “आबा, तुम्ही इथे उभे राहा.” मी कुंपणापाशी उभा राहिलो. तो समोर आला, मोबाइल उभा धरला, आडवा धरला.

“आबा, खांब पूर्ण येत नाही. मागे जाऊ?”

मी म्हटले, “जाऊ नकोस. अजून दोन पावले पुढे ये.”

हैदराबादेस परतल्यावर तेवढा एक फोटो कागदावर घेण्यासाठी आबिद रोडवर गेलो. ते जुने दुकान आता नाही. दुसऱ्या एका दुकानात संगणकापुढे एक तरुण बसला होता. त्याने विचारले, “अंकल, साइज कौनसा होना?” मी हळदीच्या कोपऱ्याचा तो फोटो त्याच्यापुढे ठेवला.